पंथ विचारण्याआधी

प्रश्न : गुरुजी, सादर नमस्कार. मी समाजशास्त्रात एम.ए. करते. अमेरिकेतल्या ज्यूंच्या पाहणीत २७ टक्के लोकांनी ज्यू हा आपला धर्म नसल्याचं सांगितलं, तरी त्यांना ज्यूच मोजलं, असं वाचनात आलं. धर्म नाही तर ज्यू कसे? आणि ‘कोणत्याच पंथाचे नाही’ म्हणणारे ३२ टक्के, ते हेच का? आमच्या गावात वारकरी, महानुभाव, गुरुदेव सेवा मंडळ अशी पाहणी मला करायची आहे, म्हणून विचारते.
– एक विद्यार्थिनी, ता. मोर्शी

उत्तर : ताई, ही प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेची पाहणी. ती २०१९-२० मध्ये झाली आणि मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ४,७१८ प्रौढ ज्यूंनी उत्तरं दिली. पाहणी करणाऱ्यांनी आधी विचारलं, ‘सध्या तुमचा धर्म कोणता?’ कुणी ‘ज्यू’ म्हटलं की ते धर्मानं ज्यू. जे ‘नास्तिक’ किंवा ‘काहीच नाही’ म्हणाले, त्यांना पुढं विचारलं, ‘धर्म बाजूला ठेवा, घराणं, संस्कृती, वंश यांमुळे स्वतःला ज्यू मानता का?’ तिथं ‘हो’ म्हणणारा, आणि आईबापांपैकी कुणी ज्यू असलेला किंवा ज्यू म्हणून वाढलेला माणूस, हा तुमच्या २७ टक्क्यांतला. पहिल्या प्रश्नावरच थांबले असते, तर चौथाईहून जास्त लोक मोजणीतून गळाले असते.

पंथ वेगळा विचारला. रिफॉर्म, म्हणजे उदार पंथाचे, ३७ टक्के, कॉन्झर्व्हेटिव्ह १७, ऑर्थोडॉक्स ९, कोणताच नाही ३२. उरलेले लहानसहान पंथांचे. (कॉन्झर्व्हेटिव्ह नावावर जाऊ नका. कर्मठ ते ऑर्थोडॉक्स, हे मधले.) हे ३२ आणि ते २७ एकमेकांत पुष्कळ मिसळलेले आहेत, पण एक नाहीत. धर्म मानून पंथ न सांगणारे आहेत, तसे धर्म न मानता ‘आम्ही रिफॉर्म’ म्हणणारेही आहेत. वयाप्रमाणेही पाहा : पासष्टीच्या पुढं ऑर्थोडॉक्स ३ टक्के, तिशीच्या आत १७, आणि त्याच तरुणांत धर्म न सांगणारे ४० टक्के. नुसत्या सरासरीत हे दिसत नाही.

इस्रायलमध्ये हे पंथ विचारून भागत नाही. तिथं लोक स्वतःला हिलोनी (धर्म न पाळणारे), मासोर्ती (परंपरा जपणारे), दाती (धार्मिक), हरेदी (अति कर्मठ) म्हणवतात. आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, तर ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले, कारण शनिवार हा ज्यूंच्या विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी त्यांचा तेलाचा घाणा बंद. मुंबईत १९२५ मध्ये ज्यूइश रिलिजस युनियन निघाली, तेव्हा कुठं त्यांच्यात उदार पंथाची संस्था आली. त्याआधीच्या एखाद्या आजीला ‘रिफॉर्म की ऑर्थोडॉक्स?’ विचारून काय हाती लागलं असतं?

आजीवरून आठवलं. फेब्रुवारी १९९१, जनगणना. मी तुमच्याच तालुक्यात रिद्धपूरजवळ शाळेवर होतो. मृगाच्या संत्र्याची तोड चालू, घरी कुणी सापडेना. एका घरी सून घाईत होती. तिनं नावं सांगितली. धर्माच्या रकान्यात सगळ्यांपुढं मीच ‘हिंदू’ लिहून टाकलं. ओसरीवर बाजेवर बसलेली म्हातारी म्हणाली, “मले न इचारताच काहून लिवलं गा मास्तर?” मी ओशाळलो. विचारलं. ती म्हणाली, “हिंदूच लिव. पन आमी उपदेशी आहो, ते बी लिव.” महानुभावांत उपदेश घेतलेला गृहस्थ म्हणजे उपदेशी. माझ्या कागदावर त्याला रकानाच नव्हता. उत्तर तेच निघालं, म्हणून माझी चूक भरून निघाली असं मला आजही वाटत नाही.

तेव्हा तुम्ही आधी धर्म विचारा, मग कोणत्या घरात वाढलात ते, मग आज कोणता पंथ मानता ते. एकाहून जास्त उत्तरं घ्या. पंढरीची वारी करणारा माणूस संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेलाही बसतो. ‘कोणताच नाही’ हे उत्तर चेहरा न बदलता लिहा. आणि काय करता तेही विचारा. त्या पाहणीत महिन्यातून एकदा तरी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळी, जाणारे २० टक्के निघाले, पण वल्हांडण सणाच्या सेदर नावाच्या विधीच्या जेवणाला बसलेले ६२ टक्के.

तोड संपल्यावर जा. एका घरात एकालाच विचारून बाकीच्यांचं भरू नका, आणि प्रत्येक नावापुढं दोन ओळी कोऱ्या सोडा.