आर (आकडेवारीसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा): ओझोन 100 च्या वरच्या ओळी मागितल्या, तर एनएच्या ओळी कुठून आल्या?

चूक तुमच्या अटीत नाही, एनएमध्ये, म्हणजे आकडा नसलेल्या जागेच्या खुणेत आहे. आरसोबतच येणाऱ्या एअरक्वालिटी या नमुना टेबलात 153 ओळी आहेत आणि त्यातल्या 37 मध्ये ओझोनचा आकडाच नाही. ‘एनए 100 पेक्षा मोठा आहे का?’ याचं उत्तर आर एनए असंच देतो, ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. चौकटी कंसात अशी अट टाकली की त्या 37 जागी नुसत्या एनएने भरलेल्या ओळी येतात. अट व्हिच फंक्शनमध्ये गुंडाळा, नाहीतर सरळ सबसेट वापरा. मी सबसेटच वापरतो; अट आणि हवे ते स्तंभ, दोन्ही एकाच ठिकाणी सांगता येतात.

कंसच वापरायचा असेल तर स्वल्पविरामाआधी ओळी, नंतर स्तंभ. एकच स्तंभ मागितलात तर टेबल जाऊन व्हेक्टर, म्हणजे किमतींची नुसती एक रांग, हातात येतो. तो नको असेल तर कंसातच ड्रॉप हा पर्याय फॉल्स करा.

डीप्लायर या वेगळ्या लोड कराव्या लागणाऱ्या पॅकेजचं फिल्टरही एनए गाळतं. पण पॅकेज लोड करायला विसरलात, तर आरचं मूळचं फिल्टर चालतं. ते टाइम सिरीजसाठी, म्हणजे काळानुसार नोंदलेल्या आकड्यांसाठी आहे, आणि त्याची एरर वाचून काहीही कळत नाही!