खिडकीजवळचा बाक आणि राक्षसराजाचा किल्ला

या वेळच्या टपालात जपानी अ‍ॅनिमेशन आणि खेळांवरचे प्रश्न बरेच आले. मी अंधेरीच्या एका स्टुडिओत बरीच वर्षं पार्श्वचित्रं रंगवली, आता परळला मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. त्यामुळे ही पात्रं रोज कुणाच्या ना कुणाच्या वहीतून माझ्यासमोर येतात. चार पत्रांना उत्तरं देते आहे.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. रात्री जेवणं आटपली की मीही त्याच्याबरोबर जपानी मालिका बघते. मालिका बदलते, पण नायक नेहमी शेवटच्या बाकावर, खिडकीला लागून. एक मुलगी तापट, एक अगदी गप्प, एक मित्र बडबड्या. डबा खायला सगळे शाळेच्या गच्चीवर. हे लोक एकमेकांचं बघून लिहितात का? — एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, तुम्ही नेमकं टिपलंत. खिडकीचं कारण मला कामातूनच ठाऊक आहे. नायक वर्गाच्या मधोमध बसवला तर त्याच्या चारही बाजूंना मुलं काढावी लागतात. प्रत्येकाला चेहरा हवा, केस हवेत, आणि नायक बोलत असताना ती पुतळ्यासारखी बसली तर डोळ्याला खटकतं, म्हणून त्यांनाही थोडं हलवायचं. तोच नायक खिडकीशी नेऊन बसवा. मागे कुणी नाही, एका अंगाला नुसतं आकाश. एकदा रंगवलेलं आकाश दहा भागांत वापरता येतं. ढग जरा सरकवला की तास संपत आल्याचं कळतं. शिवाय खाली मैदान दिसतं, तिथे कोणी एकटं धावताना दाखवलं की गोष्ट सुरू. जपानमधल्या वर्गांत फळ्याकडे तोंड केलं की खिडक्या सहसा डाव्या हाताला येतात, उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या वहीवर सावली पडू नये म्हणून. उजेड कुठून येणार हेही मग आधीच ठरलेलं. गच्चीचंही तसंच. खऱ्या शाळांत तिला बहुधा कुलूप असतं, पण गोष्टीत दोघांना एकांत हवा आणि गर्दी काढायला वेळ नसतो.

ही काटकसर जुनी आहे. चित्रकथाकार ओसामू तेझुका यांनी १ जानेवारी १९६३ पासून ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला टीव्हीवर आणलं तेव्हा पैसे अपुरे आणि वेळ त्याहून अपुरा. मग एक चित्र जास्त वेळ धरून ठेवायचं, ओठ तेवढे हलवायचे, उडण्या-धावण्याचे तुकडे जपून ठेवून पुन्हा वापरायचे. पात्रांनाही ते नाटक कंपनीतल्या नटांसारखं वागवत. मिशीवाला एक म्हातारा त्यांच्या एका गोष्टीत खासगी गुप्तहेर असतो, दुसरीत शाळामास्तर.

आता तापट मुलगी आणि गप्प मुलगी. तमाशात गवळण सुरू झाली की मावशी येणार हे सगळ्यांना माहीत असतं. ती आली म्हणून कुणी उठून जात नाही. आज ती काय बोलते ते ऐकायला लोक बसतात. ठरलेलं पात्र असणं यात काहीच वावगं नाही. वावगं पुढे होतं. १९९५ च्या ‘इव्हँजेलियन’ या मालिकेत आसुका नावाची चिडखोर मुलगी आहे आणि रेई नावाची अबोल. आसुका लहान असतानाच तिच्या आईचं मन बिघडलं, तिने पोरीला ओळखलंच नाही. सगळ्यांत पुढे राहिलो तरच आपल्याकडे कुणी बघेल, हे ती पोर तिथून शिकली. रेईला तर मोठ्यांनी आपल्या कामापुरतंच वाढवलंय. नंतरच्या कितीतरी मालिकांनी या दोघींचा स्वभाव उचलला आणि कारण तिथेच सोडलं. तुम्ही मुलाबरोबर बघताच आहात, तर त्याला एवढंच विचारा, ‘ही अशी का वागते?’ मालिकेकडे उत्तर असेल तर ती दोघांनी शेवटपर्यंत बघा.

प्रश्न : ताई, मी रोल-प्लेइंग गेम खूप खेळतो. सगळीकडे तेच : छोटं गाव, सराई, दगडी किल्ला, निळा स्लाइम, शेवटी राक्षसराज. गावकरी एकच वाक्य शंभर वेळा बोलतो. जपानी लोकांना स्वतःचं सोडून युरोपातलं गाव का लागतं? — बारावीतला विद्यार्थी, लालबाग

उत्तर : हे युरोप जपानला अमेरिकेमार्गे पोचलं. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा खेळ निघाला. त्याच्या जोरावर १९८१ मध्ये ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे कॉम्प्युटरवरचे खेळ आले. जपानमध्ये खेळ रचणाऱ्या युजी होरी यांना या दोन्हींचं वेड होतं. पण ते समजायला कठीण, शिवाय कॉम्प्युटर मोजक्याच घरांत. टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉम या खेळाच्या यंत्रावर, शाळेतल्या पोरांनाही खेळता येईल असं काहीतरी त्यांना करायचं होतं. १९८६ च्या मे महिन्यात ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आलं, चित्रं चित्रकथाकार अकिरा तोरियामा यांची.

त्या खेळाची कॅसेट ६४ किलोबाइटची. तुझ्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. राजा, गावं, गुहा, राक्षस, संगीत, संवाद, सगळं तेवढ्यात. काताकाना या जपानी लिपीतली सगळी अक्षरं बसेनात, म्हणून मोजकीच ठेवली आणि राक्षसांची नावं त्यांतून जुळवली. तुझा गावकरी तेच वाक्य का बोलतो ते आता कळलं असेल. त्याला दुसरं वाक्य देणं परवडत नव्हतं, त्यामुळे दिलेल्या एका वाक्यात बहुधा पुढच्या गुहेचा नाहीतर हत्याराचा पत्ता असायचा. मला तो गावकरी फार आवडतो. आजच्या खेळांत पात्रं तासभर बोलतात आणि हाती काही लागत नाही.

पहिली खोली नीट बघ, मी वर्गात मोठ्या मुलांना ती दाखवते. खेळ राजाच्या दालनात सुरू होतो. दार बंद, शेजारी पेट्या. पेटी उघडायची, किल्ली घ्यायची, पहारेकऱ्याशी बोलायचं, दार उघडायचं, जिना उतरायचा. दालनातून बाहेर पडेपर्यंत पुढे लागणाऱ्या बहुतेक आज्ञा खेळणाऱ्याच्या हाताला बसलेल्या असतात. कुणी शिकवलं असं वाटतही नाही. बाहेर आलास की पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला दिसतो. इतका जवळ, आणि तिथे पोचायला अख्खं राज्य पालथं घालावं लागतं. खेळाचा शेवट पहिल्याच मिनिटाला डोळ्यांसमोर ठेवणं, ही होरींची हिंमत मला अजून थक्क करते.

स्लाइम आधीच्या खेळांत किळसवाणा चिखल असायचा. होरींनीही गोळ्यासारखंच काहीतरी काढून दिलं होतं. तोरियामांनी त्याचा थेंब केला, वर टोक, खाली हसरा चेहरा. पहिला शत्रू मारताना पोराला भीती वाटू नये, उलट पुन्हा भेटावासा वाटावा, हे त्या एका रेषेने साधलं. या खेळांत दिसणारी लांब, आडव्या कानांची एल्फ, म्हणजे युरोपी कथांतली परीसारखी जमात, मात्र दुसरीकडची. १९८६ पासून एका कॉम्प्युटर मासिकात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या डावांचा वृत्तान्त छापून येई; त्यातून ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ या कादंबऱ्या झाल्या, आणि त्यातल्या डीडलिट या एल्फचे कान पुढच्या बहुतेक जपानी एल्फना मिळाले.

प्रश्न : नातवाच्या कार्टूनमध्ये केस निळे, हिरवे, गुलाबी का? — एक आजोबा, गिरगाव

उत्तर : आजोबा, ओळख पटावी म्हणून. जपानी चित्रकथा बहुतेक काळ्या-पांढऱ्या छापतात आणि चेहरे साधे असतात : मोठे डोळे, इवलंसं नाक. मग एकाचे केस शाईने भरायचे, दुसऱ्याचे कोरे ठेवायचे, तिसऱ्याचे ठिपक्यांचे. पडद्यावर हेच काम रंग करतात. १९७५ च्या ‘गोरेंजर’ या पाच वीरांच्या मालिकेत तर अख्खे पोशाखच वाटून दिले होते : लाल, निळा, पिवळा, गुलाबी, हिरवा. काबुकी या जुन्या जपानी रंगभूमीवरही चेहऱ्यावर लाल रेघा म्हणजे शूर नायक आणि निळ्या म्हणजे खलपुरुष, ही सवय जुनीच. गंमत म्हणजे बहुतेक गोष्टींत बाकीची पात्रं त्या गुलाबी केसांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ते रंग फक्त तुमच्या-आमच्यासाठी आहेत.

प्रश्न : मला स्वतःची चित्रकथा काढायची आहे. मुंबईतला मुलगा ट्रकखाली येतो आणि जादूच्या जगात जागा होतो, अशी कल्पना आहे. मैत्रिणी म्हणतात, हे सगळं होऊन गेलंय. सोडून देऊ का? — भांडुप

उत्तर : सोडू नकोस, पण ट्रक का हवाय याचा विचार कर. जपानमध्ये २००४ पासून एक संकेतस्थळ आहे, जिथे कुणीही आपली कादंबरी प्रकरणाप्रकरणाने टाकू शकतं. तिथे २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘मुशोकू तेन्सेई’त घराबाहेर न पडणारा चौतीस वर्षांचा माणूस ट्रकखाली येतो आणि दुसऱ्या जगात तान्हं बाळ म्हणून डोळे उघडतो. तिथल्या लेखकांना पहिल्याच प्रकरणात वाचक धरायचा असतो. जग सगळ्यांच्या ओळखीचं असलं की ते समजावण्यात पानं जात नाहीत. ही सोय त्यांची. तुझी तीच गरज आहे का?

ओळखीचं जग घेऊन नवं काय करता येतं याची दोन उदाहरणं सांगते. २०२० मध्ये सुरू झालेली ‘फ्रीरेन’ ही चित्रकथा राक्षसराज मेल्यानंतर सुरू होते. वीर, पुजारी, बुटका योद्धा, एल्फ जादूगार, सगळी ठरलेली मंडळी. दहा वर्षांचा प्रवास संपवून घरी येतात. हजाराहून जास्त वर्षं जगलेल्या एल्फला ती दहा वर्षं काहीच नव्हती, आणि पन्नास वर्षांनी परतते तर वीर म्हातारा झालेला. त्याच्या अंत्यविधीला ती रडते, कारण या माणसाला समजून घ्यायचा आपण प्रयत्नच केला नाही. दुसरं र्‍योको कुई यांचं ‘डिलिशस इन डंजन’, २०१४ चं. गुहेत उतरलेले वीर जेवतात काय? उत्तर : राक्षस, आणि तेही नीट चिरून, शिजवून. दोघांनी जुनं जग जसंच्या तसं ठेवलं आणि आधी फारसा कुणी न विचारलेला एक प्रश्न धरून ठेवला.

जागेबद्दल एक सांगते. ‘डोरेमॉन’मधलं ते मोकळं मैदान आणि तीन सिमेंटचे पाइप तुला आठवत असतील. १९६९ च्या अखेरीस ती चित्रकथा सुरू झाली तेव्हा जपानी शहरांत गटारांची कामं जोरात होती आणि असे पाइप रिकाम्या जागांवर पडून असायचे. लेखकाने रोज दिसणारी गोष्ट काढली. आज तिथल्या मुलांनीही ते मैदान बहुधा चित्रातच पाहिलंय, तरी जियान कुठे उभा राहून गाणार हे त्यांना पाठ आहे. भांडुपच्या चढावरचं पाण्याचं पिंप, जिन्याखालचं मीटरचं खोकं, गणपती गेल्यावर बांबू काढून नेलेलं मंडपाचं रिकामं अंगण, यांतली एक जागा घे आणि मुलगा तिथूनच पलीकडे जाऊ दे. आधी ती जागा सकाळी, दुपारी, रात्री अशी तीनदा समोर बसून काढ, फोटोवरून नको. मग पहिली चार पानं मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी वाचून कळवते.