अमेरिकेत मृदसंधारणासाठी केंद्रीय कृषी संस्था आणि स्थानिक संधारण जिल्हे एकत्र का काम करतात?

निधी आणि तांत्रिक मनुष्यबळ प्रामुख्याने केंद्राकडे असले, तरी शेतकऱ्याचा विश्वास आणि शिवाराची बारीक माहिती स्थानिक संधारण जिल्ह्याकडे, म्हणजे राज्याच्या कायद्याने मृदसंधारणासाठी स्थापलेल्या स्थानिक संस्थेकडे असते, म्हणून ही भागीदारी आवश्यक ठरते. तिचे मूळ धुळीच्या वादळांच्या काळात आहे: १९३५ मध्ये केंद्रीय मृदसंधारण सेवा स्थापन झाली, परंतु खासगी जमिनीवर काम करायचे तर मालकाची संमती हवी, म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३७ मध्ये राज्यांच्या गव्हर्नरांना असे जिल्हे स्थापण्याचे कायदे करण्याची विनंती केली. आजही अनेक ठिकाणी दोन्हींचे कर्मचारी एकाच कार्यालयात बसतात आणि ओघळ कुठून फुटते, गवताचा पट्टा कुठे राखायचा, हे शेतकऱ्याबरोबर शेत पायी फिरून ठरवतात. माझ्या मते या रचनेचे खरे बळ तेच आहे. २०१४ च्या कृषी कायद्यातील प्रादेशिक संधारण भागीदारी कार्यक्रमाने राज्य संस्था व शेतकरी संघटनांनाही स्वतःचा वाटा घालून सहभागी होण्याची सोय केली. मात्र शेतकऱ्याला मिळणारी आर्थिक मदत बहुतेकदा खर्चाच्या काही भागापुरतीच असते, आणि करार मंजूर होण्यापूर्वी सुरू केलेल्या कामाला ती सहसा मिळत नाही, त्यामुळे आच्छादन पिकाचे (माती झाकून ठेवण्यासाठी घेतलेल्या पिकाचे) बियाणे पेरण्याआधीच अर्ज करावा.