उन्हाळी इंटर्नशिप: तुमची कॉपी रोज कोण वाचणार?

परीक्षा संपत आल्या की इंदूरच्या विद्यार्थ्यांची आणि पालकांची इथल्या हिंदी वृत्तपत्रांतल्या इंटर्नशिपबद्दल पत्रं येऊ लागतात. या वेळी त्यांतले पाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मी देवी अहिल्या विश्वविद्यालयात पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे-जूनमध्ये सहा आठवडे मोकळे आहेत. मोठ्या दैनिकात जावं की सांध्य दैनिकात? अर्ज कसा करतात? – एक विद्यार्थिनी, सुदामानगर

वृत्तपत्राचं नाव बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट विचारा : ‘मी लिहिलेली कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, रोज कोण वाचणार आणि माझ्यासमोर दुरुस्त करणार का?’ उत्तरात एखाद्या माणसाचं नाव मिळालं तर ती जागा चांगली. ‘या, बसा, काम मिळेल’ एवढंच ऐकू आलं, तर सहा आठवडे चहा आणि फाइल शोधण्यात जातील.

सांध्य दैनिकाला कमी समजू नका. तिथे सकाळी लवकर काम सुरू होतं आणि दुपारपर्यंत अंक छापायला जातो. सकाळी आणलेली बातमी त्याच दिवशी छापलेली दिसते, आणि काय कापलं गेलं तेही लगेच कळतं. मोठ्या दैनिकात बीट, म्हणजे कोणी कोणत्या क्षेत्राच्या बातम्या करायच्या ते, आधीच वाटलेल्या असतात. नवख्याच्या वाट्याला कार्यक्रमांच्या बातम्या येतात, पण कॉप्या तपासणारं डेस्क पक्कं असतं. तिथे गेलात तर पहिले दोन आठवडे डेस्क आणि पुढचे चार सिटी रिपोर्टिंग असं मागून घ्या. सगळ्यांना पहिल्या दिवसापासून बाहेर जायचं असतं. पण दोन आठवडे दुसऱ्यांच्या कॉप्या दुरुस्त केल्या की स्वतःची कॉपी आपोआप नीट होते.

अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच द्यावा. उशीर झाला असला तरी प्रत्यक्ष जाऊन या, कारण मेमध्ये लग्नसराई आणि सुट्ट्यांमुळे माणसं कमी असतात. सकाळची मीटिंग आटोपल्यावर, बारा ते एकच्या दरम्यान जावं. संध्याकाळी सहानंतर कोणी तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही, कारण तेव्हा डाक एडिशनची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाची, पानं छपाईला सुटत असतात. सोबत एक पानी बायोडाटा, विभागप्रमुखांचं पत्र आणि अडीचशे शब्दांच्या दोन बातम्या न्या. ‘लोकशाही आणि माध्यमे’ यावरचा निबंध नको. तुमच्या गल्लीतली तुंबलेली ड्रेनेज लाइन चालेल. त्यात दोन रहिवाशांची पूर्ण नावं हवीत आणि महापालिकेच्या झोन कार्यालयाचं म्हणणं हवं.

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यात मला निगमची (महापालिकेची) विज्ञप्ती, म्हणजे प्रसिद्धिपत्रक, दिली होती. ती मी शुद्ध भाषेत व्यवस्थित टाइप करून दिली, तरी छापली नाही. चुकलं कुठे? – एक विद्यार्थी, लोकमान्यनगर

विज्ञप्ती कार्यालयाच्या सोयीनं लिहिलेली असते, बातमी नळाखाली बादली लावून बसलेल्या माणसाच्या सोयीनं लिहायची. उन्हाळ्यातलंच उदाहरण घेऊ. समजा, विज्ञप्ती अशी आली : ‘जलूद येथील विद्युत देखभाल कार्यामुळे बुधवारी आठ तासांचे शटडाउन घेण्यात येणार असून, माननीय महापौर व आयुक्त यांच्या मार्गदर्शनाखाली 14 टाक्या कमी क्षमतेने भरल्या जातील. नागरिकांनी सहकार्य करावे.’

नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पंपानं चढवून इंदूरला येतं, म्हणून पंप थांबले की टाक्या रिकाम्या राहतात. हे लिहिलंत तरी बातमी अजून हाती लागलेली नाही. आपल्याकडे बहुतेक वस्त्यांत पाणी एक दिवसाआड येतं. ज्यांची पाळी बुधवारी आहे त्यांना सोमवारी पाणी मिळालं, बुधवारी मिळालं नाही आणि पुढची पाळी थेट शुक्रवारी. आठ तासांच्या शटडाउनचे त्या घरात तीन कोरडे दिवस झाले. निगम ती पाळी गुरुवारी देणार आहे का, हा प्रश्न विज्ञप्तीत कुठेच नाही. तो तुम्ही विचारायचा.

त्यासाठी चार फोन लागतात. नर्मदा प्रकल्पाच्या इंजिनिअरला विचारा की कोणत्या टाक्या भरणार नाहीत आणि पाळी पुढे सरकवणार का. झोन कार्यालयाला विचारा की त्या टाकीवर कोणत्या कॉलन्या आहेत आणि टँकर कुणाकडे मागायचा. तिथल्या नगरसेवकाला आणि एका रहिवाशाला विचारा की या आठवड्यात आधी कधी पाळी चुकली होती का. मग इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, असा होतो : ‘बुधवारी शहरातल्या 14 टाक्या पूर्ण भरणार नाहीत. ज्या वस्त्यांची पाळी बुधवारी आहे, तिथे पाणी शुक्रवारीच येईल.’ त्याखाली बॉक्समध्ये कॉलन्यांची नावं. महापौरांचं मार्गदर्शन गाळलं तरी चालतं.

कॉपी देण्याआधी तीन गोष्टी तपासा. विज्ञप्तीत 14 टाक्या लिहिल्या असतील तर यादीतली नावं बोटानं मोजा, पुष्कळदा तेराच निघतात. तारीख आणि वार कॅलेंडरवर जुळवा. आणि हिंदी कॉपीत ‘कल’ लिहू नका. रात्री लिहिलेलं सकाळी वाचलं जातं आणि त्या शब्दाचे अर्थही दोन, म्हणून सरळ वार लिहा. नुसती विज्ञप्ती उतरवायची असेल तर ते काम टायपिंग करणारा ऑपरेटर तुमच्यापेक्षा लवकर करतो, म्हणून तुमची कॉपी बाजूला पडली.

प्रश्न : घरी मराठी, शाळा इंग्रजी. हिंदी बोलतो, पण छापण्याजोगी हिंदी जमेल का? – एक विद्यार्थी, रामबाग

जमेल. ‘नई दुनिया’ 1947 साली इंदुरातून निघालं आणि त्याचे नावाजलेले संपादक राहुल बारपुते मराठी घरातलेच होते. चुका मात्र ठरलेल्या जागी होतात, त्या आधीच माहीत असाव्यात. आपल्याकडे ‘पोलिस पोहोचले’, हिंदीत ‘पुलिस पहुंची’. न्यायालयाच्या बातमीत आपली ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीतली ‘सजा’, कारण ‘शिक्षा’ तिथे शिक्षण होतं. कोर्टात ‘राजीनामा हो गया’ ऐकलंत तर कुणी पद सोडलं असं समजू नका, दोन्ही पक्षांत तडजोड झाली आहे. रोज एका पानावरच्या बातम्या मोठ्यानं वाचा आणि त्यांतली क्रियापदं वहीत उतरवा.

टायपिंगची तयारी घरीच करा. काही ठिकाणी युनिकोड असतं, काही ठिकाणी अजून कृतिदेव हा जुना फॉन्ट. कृतिदेवमधली कॉपी युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं बिघडतात, आकडेही कधी कधी घसरतात. बदललेली कॉपी मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये.

प्रश्न : मुलीला क्राइम बीट हवी आहे. एका वेबपोर्टलनं इंटर्नशिप आणि प्रेस कार्डाचे मिळून पाच हजार मागितले आहेत. द्यावेत का? रात्रीच्या कामाचं काय? – एक पालक, वैशालीनगर

एक रुपयासुद्धा देऊ नका. काम शिकवण्यासाठी खरी न्यूजरूम पैसे घेत नाही. पुष्कळ ठिकाणी मानधनही नसतं, म्हणून पेट्रोल किंवा बसचा खर्च मिळेल का, ते पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं. पत्रकाराला सरकारी अधिमान्यता (मान्यता) जनसंपर्क विभाग देतो आणि ती इंटर्नसाठी नसते. विकत घेतलेल्या कार्डावर ठाण्यात कोणी माहिती देणार नाही, उलट मुलगीच अडचणीत येईल. गाडीवर ‘प्रेस’ लिहू नये. तिच्याजवळ संपादकांच्या सहीचं, तारखा घातलेलं पत्र असलं की पुरे. छापील वृत्तपत्र असेल तर शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं असतात, ती आधी पाहा.

क्राइम बीट शिकण्यासारखी आहे, पण एकटीनं नको, मुख्य रिपोर्टरबरोबर. डिसेंबर 2021 पासून इंदुरात पोलिस आयुक्त पद्धत आहे. शहरातल्या घटनेत पोलिस झोनचे डीसीपी (उपायुक्त) बोलतात, ग्रामीण भागासाठी एसपी (अधीक्षक) वेगळे. शहरातल्या बातमीत ‘एसपींनी सांगितलं’ लिहिणाऱ्यानं फोनच केलेला नाही, हे डेस्कला लगेच कळतं. अटक झालेला माणूस आरोपी असतो. ‘चोर पकडला’ असं लिहायचं नाही.

एका बाबतीत मात्र चूक होताच कामा नये. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेचं नाव किंवा ओळख छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रकरणात अल्पवयीन मूल असेल, मग ते पीडित असो, साक्षीदार असो की आरोपी, तर बाल न्याय कायद्याचं कलम 74 त्याचं नाव, पत्ता, शाळा आणि ओळख पटेल असा कोणताही तपशील छापू देत नाही. नवखे नाव गाळतात आणि ‘अमुक कॉलनीतल्या किराणा दुकानदाराची नववीतली मुलगी’ असं लिहून बसतात. ती मुलगी कोण, हे सगळ्या कॉलनीला समजतं. वडिलांचा व्यवसाय, इयत्ता, नातेवाइकाचं नाव, घराचा फोटो, काहीच जाऊ देऊ नका. शंका असली तर पान सुटण्याआधी डेस्कला विचारा, कितीही उशीर झाला असला तरी.

रात्रीचं म्हणाल, तर इंटर्ननं आठपर्यंत कॉपी देऊन निघावं, आणि हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं. दिवसा शिकायला पुष्कळ आहे. मंगळवारी कलेक्टोरेटमध्ये जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारींची सुनावणी, असते. तिथे दोन तास रांगेतल्या लोकांशी बोललं की आठवडाभराच्या बातम्या मिळतात. मेमधल्या उन्हात बाहेरची कामं अकराच्या आत उरकावीत.

प्रश्न : शेवटी प्रमाणपत्रात काय असावं? – एक विद्यार्थी, तिलकनगर

सुरुवातीची आणि शेवटची तारीख, कोणत्या विभागात किती आठवडे, आणि कोणाच्या हाताखाली काम केलं त्यांचं नाव व पद. पुढच्या नोकरीत मात्र छापलेली बातमीच पाहतात. बातमी आली त्याच दिवशी ई-पेपरचं पूर्ण पान उतरवून ठेवा, जुन्या लिंका उघडत नाहीत. फाइलला तारीख, एडिशन आणि पान क्रमांक घाला. बायलाइन, म्हणजे बातमीवर तुमचं नाव, नसली तरी हरकत नाही. अशा बातमीसोबत तुमची मूळ कॉपी आणि डेस्कनं दुरुस्त केलेली कॉपी, दोन्ही जपून ठेवा.