चुंबक पिकवणारे जिवाणू : वाचकांचे प्रश्न

जिवाणूच्या पोटात चुंबक तयार होतो, हे खरं का? – एक शिक्षक, जुळे सोलापूर

खरं आहे, सर. रिचर्ड ब्लेकमोर यांनी १९७५ साली अमेरिकेतल्या गाळातल्या अशा जिवाणूंची माहिती प्रसिद्ध केली. ते पाण्यातलं लोह शोषून मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकीय लोहखनिजाचे, कण घडवतात आणि ते माळेसारखे ओळीत लावतात. एक कण साधारण ३५ ते १२० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). या माळेमुळे जिवाणू होकायंत्रासारखा दिशा धरतो.

असे कण कारखान्यात रसायनांनी होतातच. मग जिवाणूंची उठाठेव कशाला? – बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, बार्शी

आवरणासाठी. हे कण उपचारासाठी शरीरात सोडायचा संशोधकांचा विचार आहे. शेंगदाण्यावर जसं तांबूस साल, तसं प्रत्येक कणावर स्निग्धाचं आणि प्रथिनांचं पातळ वेष्टन असतं. उघडे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात, आणि गुठळी रक्तात नको. प्रयोगशाळेत डेक्स्ट्रानसारखा (साखरेच्या लांब साखळ्यांचा) लेप नंतर चढवावा लागतो. इथे कण सालासकटच जन्मतो, आणि त्या सालावर औषध जोडता येतं.

पण खरी गोम पुढेच आहे. या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते थोडंसंही रक्तात गेलं तर ताप भरतो, म्हणून कण कसून धुवावे लागतात. फार कसून धुतलं की सालही निघून जातं! मग काही संशोधक उघड्या कणावर सायट्रिक आम्लाचा वगैरे लेप पुन्हा चढवतात. म्हणजे फिरून तिथेच. शिवाय हे जिवाणू वाढवायचे तर ऑक्सिजन अगदी कमी ठेवावा लागतो, आणि उत्पन्न लिटरमागे मिलिग्रॅमांत.

काकांना मेंदूत गाठ आहे. हा उपचार मिळेल का? – अक्कलकोट

जिवाणूंच्या कणांचा उपचार अजून रुग्णांसाठी नाही. गाठीत कण सोडून बदलत्या चुंबकीय क्षेत्राने ती तापवायची, अशा पद्धतीला युरोपात २०१० मध्ये मान्यता मिळाली, पण ते कण रासायनिक. काकांचे चालू उपचार थांबवू नका. आणि जत्रेतल्या चुंबकी माळांचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

सिद्धेश्वर तलावात हे जिवाणू सापडतील? – अकरावी, सोलापूर

शोधून बघ. हातमोजे घालून काठचा गाळ आणि पाणी बरणीत घे, झाकण सैल ठेव, काही आठवडे अंधारात राहू दे. मग गाळाच्या किंचित वर, काचेला बाहेरून चुंबकाचा दक्षिण ध्रुव टेकव. तासाभराने तिथलं पाणी ड्रॉपरने काढून थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेव. थेंबाच्या एकाच कडेला ठिपक्यांची गर्दी झाली, आणि चुंबक उलटा धरताच सगळे गर्रकन माघारी वळले, तर मला कळव.