३६व्या वर्षी अमेरिकेतल्या टेक्निकल कॉलेजात रेडिओग्राफी शिकायला घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बी.कॉम., वय ३६, नवऱ्याच्या नोकरीमुळे विस्कॉन्सिनमध्ये आलात. मुलगी शाळेत जायला लागली आणि घराजवळच्या टेक्निकल कॉलेजातला रेडिओग्राफीचा दोन वर्षांचा कोर्स मनात घोळतोय. घरचे म्हणतात, "एक्स-रेचं बटण दाबायला दोन वर्षं कशाला?" दुसऱ्या बाळाचाही विचार आहे, म्हणून किरणांची धास्ती. आणि मुळात हे झेपेल का, ही शंका.

मी हाच कोर्स याच राज्यात केला. सुरू केला तेव्हा ३८ वर्षांची होते, सांगलीची बी.कॉम., दहावीनंतर विज्ञानाशी संबंध संपलेला. आता आठ वर्षं हॉस्पिटलात काम करतेय. माझं उत्तर आहे: जरूर करा. पण आधी त्या बटणाविषयी बोलते, कारण सगळा गैरसमज तिथेच आहे.

बटण दाबायला क्षणही लागत नाही. कोर्स शिकवतो ते त्याच्या आधीचं. छातीचा साधा एक्स-रे घ्या, जो आम्ही रोज ढिगाने काढतो. माणसाला डिटेक्टरला, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पाटीला, छाती टेकवून उभं करायचं आणि किरण सोडणारी नळी पाठीमागे ७२ इंचांवर ठेवायची. हृदय छातीत पुढच्या अंगाला असतं. ते डिटेक्टरच्या जवळ आणि नळी लांब, असं असलं म्हणजे त्याची सावली फुगत नाही. नाहीतर धडधाकट माणसाचंही हृदय मोठं दिसेल. मग हनुवटी वर. खांदे पुढे वळवायचे, म्हणजे पाठीची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. एकदा श्वास घेऊन सोडायला लावायचा आणि दुसऱ्या पूर्ण श्वासाला एक्सपोजर द्यायचं, म्हणजे किरण सोडायचे, कारण दुसऱ्या खेपेला हवा जास्त भरते. श्वासपटलाच्या वर मागच्या दहा बरगड्या मोजता आल्या, तर श्वास पुरेसा घेतला होता असं समजायचं. शिवाय आपली आद्याक्षरं असलेला शिशाचा छोटा मार्कर योग्य बाजूला लावायचा, म्हणजे डावं-उजवं कुणी चुकणार नाही. यातलं एक जरी हुकलं तरी एक्स-रे परत काढावा लागू शकतो, आणि मग पहिल्या खेपेचे किरण त्या माणसाने फुकट सोसलेले असतात. ती दुसरी खेप लागू नये यासाठीच ही दोन वर्षं आहेत. घरच्यांना हे सांगून बघा.

माझी स्वतःची एक खेप अजून डोळ्यांसमोर आहे. दुसरं सेमिस्टर होतं. चौऱ्याऐंशीच्या एक बाई स्वयंपाकघरात पडल्या होत्या. डावा पाय आखूड झालेला, पाऊल बाहेर वळलेलं. खुब्याचं हाड मोडल्याची ही ओळखीची खूण. असा पाय हलवायचा नसतो. म्हणून चांगला पाय उचलून आधारावर ठेवायचा, डिटेक्टर दुखऱ्या कमरेशी तिरका उभा करायचा आणि नळी आडवी करून किरण दोन्ही पायांमधून जांघेकडे सोडायचे. मी घाईत डिटेक्टर पुरेसा वर सरकवला नाही. चित्र आलं, पण सांध्याची वाटी कापली गेली होती. परत घ्यावं लागलं. चांगला पाय पुन्हा उचलताना बाई कण्हल्या आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. दुसरं एक्सपोजर माझ्यासोबतच्या अनुभवी टेक्नॉलॉजिस्टने शेजारी उभं राहून करून घेतलं. नियमच तसा आहे: एखादी तपासणी तुम्ही कितीही वेळा केलेली असो, विद्यार्थ्याने एक्स-रे परत काढायचा असेल तर पात्र टेक्नॉलॉजिस्ट समोर हवाच. नंतर तिने मला कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि ओटीपोटाखालचं हाड बोटांनी चाचपायला लावलं, आधी माझ्याच अंगावर. "डोळ्यांनी अंदाज करू नकोस, हात लावून बघ," म्हणाली. आजही खुब्याच्या पेशंटला मी आधी हात लावते, मगच डिटेक्टर उचलते.

आता अभ्यासाचं. मुख्य कोर्सआधी किंवा त्याबरोबर शरीररचना आणि शरीरक्रिया, म्हणजे इथे ज्याला सगळे 'ए अँड पी' म्हणतात, ते करावं लागतं. गणित, इंग्रजी लेखन आणि वैद्यकीय परिभाषाही बहुतेक ठिकाणी लागते. जागा थोड्या असतात, कारण हॉस्पिटलं ठराविकच विद्यार्थी घेतात, आणि कित्येक कॉलेजांत प्रतीक्षायादी असते. खरी गाळणी ए अँड पीची. दोनशेच्या वर हाडं, त्यांवरचे उंचवटे, खाचा, भोकं. मी मुलाच्या शाळेच्या पार्किंगमध्ये मनगटाची आठ हाडं मराठीत गाणं रचून पाठ केली होती.

फिजिक्सला मी घाबरले होते, तुम्ही घाबरू नका. त्यात दहावीचं समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण पुन्हा भेटतं. अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. केव्हीपी, म्हणजे नळीचा व्होल्टेज, १५ टक्के वाढवला तर डिटेक्टरवर साधारण एमएएस, म्हणजे नळीतला प्रवाह गुणिले वेळ, दुप्पट केल्याइतका परिणाम होतो. हे दोन नियम अंगात भिनले की अर्धं फिजिक्स कामावर रोज वापरलं जातं. वॉर्डात पोर्टेबल मशीन नेलं की एक्सपोजरच्या आधी आम्ही सहा फूट मागे येतो, तो अंतराचाच नियम.

पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरपासून आठवड्यातले दोन-तीन दिवस हॉस्पिटलात. त्याला 'क्लिनिकल' म्हणतात, पगार नसतो, आणि पहाटे घर सोडावं लागतं. सातला हजर म्हणजे सात. मुलीला शाळेत कोण सोडणार, हे अर्ज भरण्याआधी ठरवा. माझ्या वर्गातल्या दोघींनी कोर्स सोडला, तो अभ्यासामुळे नव्हे, तर या पहाटेमुळे. जेआरसीईआरटी या संस्थेची मान्यता असलेल्या कोर्समध्ये वर्ग आणि क्लिनिकल मिळून आठवड्याला ४० तासांहून जास्त वेळ सक्तीने लावता येत नाही. हा नियम माहीत असू द्या.

क्लिनिकलमध्ये 'कॉम्प' पूर्ण करायचे असतात, म्हणजे ठरलेली कामं नीट करून दाखवायची. एआरआरटी, म्हणजे टेक्नॉलॉजिस्टना प्रमाणपत्र देणारी संस्था, तिच्या यादीत ३६ तपासण्या सक्तीच्या, १५ निवडीच्या, आणि रक्तदाब घेणं, ऑक्सिजनची टाकी आणि सलाईनच्या नळ्या सांभाळणं, पेशंटला खाटेवरून उचलून ठेवणं अशी रुग्णसेवेची १० कामं. मगच एआरआरटीच्या परीक्षेला बसता येतं. तिथे गुण मोजले जाणारे २०० प्रश्न असतात, उत्तीर्ण व्हायला ७५ लागतात. पण हे ७५ टक्के नव्हेत, ती त्यांच्या मोजपट्टीवरची संख्या आहे. तीन वर्षांत तीनच प्रयत्न. विस्कॉन्सिनमध्ये काम करायला त्यावर राज्याचा परवानाही लागतो. पुढे दर दोन वर्षांनी २४ तासांचं शिक्षण दाखवून नोंदणी चालू ठेवायची.

किरणांची धास्ती आधी मलाही होती. काम करताना आम्ही काचेआड उभे असतो, नाहीतर शिशाचा अॅप्रन असतो आणि कॉलरला किती किरण लागले ते मोजणारा डोसीमीटर बॅज. माझ्या बॅजच्या अहवालात बहुतेक वेळा नुसतं 'एम' असतं, म्हणजे नोंद करण्याइतकाही डोस नाही. गरोदर असाल तर तसं लेखी कळवणं इथे ऐच्छिक आहे. कळवलंत की गर्भासाठी पूर्ण गरोदरपणात ५ मिलिसिव्हर्टची (हे किरणांच्या डोसचं माप) मर्यादा लागू होते, महिन्याला अर्ध्या मिलिसिव्हर्टच्या आत राहायचं, आणि अॅप्रनच्या आत कमरेपाशी दुसरा बॅज मिळतो. तुलनेला सांगते, अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला जमीन, हवा, आकाश यांतूनच वर्षाला सुमारे ३ मिलिसिव्हर्ट मिळतात. माझ्या पुढच्या बॅचमधली एक मुलगी सातव्या महिन्यापर्यंत क्लिनिकल करत होती. तिला फ्लुरोस्कोपी (किरणांचं चालू, हलतं चित्र) आणि ऑपरेशन थिएटरमधली कामं पुढे ढकलून मिळाली. तिला जड गेलं ते वजन उचलणं, किरण नव्हेत. तुमच्या कंबरेची आणि गुडघ्यांची काळजी आतापासून घ्या, या कामात दिवसभर उभं राहायचं असतं.

व्हिसाचं स्पष्ट बोलते, कारण हे कॉलेजवाले सांगत नाहीत. एच-४ वर, म्हणजे एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं, पण पगारी नोकरीला वर्क परमिट हवं. २०१५ पासून नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डासाठीची कंपनीची याचिका) मंजूर झालेली असेल तर एच-४ वर ते मागता येतं. नसेल तर परीक्षा पास होऊनही घरी बसायची वेळ येऊ शकते. हे आधी वकिलाला विचारा, फी नंतर भरा. आणि भारतात रेडिओग्राफीची पदवी घेतलेली तुमची मावसबहीण, जिचा उल्लेख तुम्ही केलात, तिनेही इथे थेट नोकरी मिळेल असं धरून चालू नये. एआरआरटीला स्वतःच्या मान्यतेतला कोर्सच लागतो. पैशांचं म्हणाल तर २०२३ च्या सरकारी आकडेवारीत या व्यवसायाचं मध्यक वेतन वर्षाला ७३ हजार डॉलरच्या आसपास होतं. पुढे सीटी किंवा एमआरआय शिकलं की वाढतं.

इंग्रजीची भीती वाटते असंही लिहिलंत. एक प्रसंग सांगते. आपल्या मुलाकडे राहायला आलेल्या एक मराठी आजी छातीच्या एक्स-रेला आल्या. नऊवारी, ब्लाऊजला तीन सेफ्टीपिना, गळ्यात मंगळसूत्र. हे सगळं चित्रात उमटतं, म्हणून काढावं लागतं, आणि मंगळसूत्र काढा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे आजाराची विचारपूस फोनवरच्या दुभाष्यामार्फतच झाली, ते योग्यही आहे. पण मंगळसूत्र मी माझ्या हाताने त्यांच्या रुमालात गुंडाळून त्यांच्याच मुठीत दिलं, आणि काचेआडून म्हणाले, "आजी, श्वास घ्या. सोडा. परत घ्या, अजून घ्या, आता धरून ठेवा." दहा बरगड्या स्वच्छ दिसत होत्या. इथल्या हमोंग आणि स्पॅनिश बोलणाऱ्या आज्यांनाही मी त्यांच्या भाषेतले तेवढे चार शब्द शिकून तसंच सांगते. 'श्वास धरा' हे शांतपणे सांगता आलं की बाकीचं इंग्रजी कामात येतंच.

आता करायचं काय? मान्यताप्राप्त कोर्सना पहिल्या प्रयत्नात पास होणाऱ्यांचं, कोर्स पूर्ण करणाऱ्यांचं आणि नोकरी लागणाऱ्यांचं प्रमाण जाहीर करावं लागतं. तुमच्या कॉलेजच्या पानावर ते शोधा आणि शेजारच्या कॉलेजाशी ताडून बघा. मग रेडिओलॉजी विभागात एक दिवस नुसतं बघायला मिळेल का, ते विचारा. बऱ्याच ठिकाणी मिळतं. यंदाची अर्जाची मुदत गेली असेल तरी ए अँड पीचा पहिला भाग या उन्हाळ्यात घेऊन टाका. तो वाया जात नाही, आणि मनगटाची हाडं पाठ करायला अडलात तर इथेच खाली लिहा, माझं गाणं पाठवते.