चप्पल पायातून निसटते आणि आईला कळतच नाही

तू लिहिलंयस की आई तुमच्याकडे आल्यापासून पायाला मुंग्या येतात म्हणते, चालताना चप्पल मागे राहते आणि चार पावलं गेल्यावर तिच्या लक्षात येतं, आणि घरात सगळे म्हणतायत वय झालं, शुगर आहे, होणारच. शुगरनेही असं होतं, पण दुसरं काही बघायचंच नाही असं थोडीच आहे.

मला खरी काळजी वाटली ती तुझ्या शेवटच्या ओळीची. बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तिचा तोल जातो. पाय कुठे आहेत, कसे आहेत ही खबर मेंदूला देणाऱ्या नसा पाठीच्या कण्यातून वर जातात आणि व्हिटॅमिन बी१२ कमी पडलं की त्यांच्यावरचं आवरण खराब व्हायला लागतं, मग डोळे उघडे असेपर्यंत माणूस बघून बघून सावरतो, मिटले की गडबडतो.

"पण आई रोज दूध-दही घेते की!" घेते, पण नुसतं पोटात जाऊन उपयोग नाही, त्यातलं बी१२ शोषलं जायला हवं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल किंवा ॲसिडिटीची गोळी रोजची असेल तर नेमकं तिथेच अडतं. आणि लिव्हरमधला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही.

हिमोग्लोबिन नॉर्मल आलंय म्हणून निर्धास्त राहू नकोस, रक्त ठीक दिसत असताना नसा बिघडू शकतात. त्यात कोणी फक्त फॉलिक ॲसिड सुरू करून दिलं तर आणखी घोळ, रक्त सुधारतं, सगळ्यांना वाटतं झालं बरं, आणि आत नसांचं नुकसान चालूच. बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्याही मनाने चालू करू नका, एक तर तपासणीचा आकडा फसवा येतो, आणि बी६ जास्त डोसमध्ये फार दिवस घेतलं तर त्यानेच मुंग्या येतात (हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं).

डॉक्टरांना बी१२ तपासायला सांग. मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी, २०० ते ३०० मध्ये आलं तर मिथाइलमॅलोनिक ॲसिडची (बी१२ कमी पडलं की हे वाढतं) टेस्ट होते का विचार. चालणं झपाट्याने बिघडलं किंवा लघवीवरचा ताबा सुटायला लागला तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, सरळ इमर्जन्सीत न्या. इंजेक्शनं लागली तर रक्त काही आठवड्यांत सुधारतं, नसांना महिने लागतात, आणि फार उशीर झाला तर थोडं कायमचं राहून जातं, म्हणून एवढी मागे लागतेय.

दाताचं काही करायचं असेल तर डेंटिस्टला आधीच सांगा, नायट्रस ऑक्साइड म्हणजे तो लाफिंग गॅस शरीरातलं बी१२ निकामी करतो.

रिपोर्ट आला की आकड्यासकट कळव. आणि तोपर्यंत रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा, अंधारात आईला पाय सापडणार नाहीत.